राष्ट्रपती निवडणुकीचं गणित मांडताय? या चुका टाळा

पुढची राष्ट्रपती निवडणूक २०२७ मध्ये आहे आणि ती जवळ आली की व्हॉट्सअॅपवर "यांच्याकडे एवढे आमदार, त्यांच्याकडे तेवढे खासदार, म्हणजे निकाल लागलाच" असे मेसेज फिरायला लागतील. त्यातली गणितं बऱ्याचदा चुकतात, आणि चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसती डोकी मोजणं. इथे मत देतात ते निवडून आलेले आमदार आणि खासदार, पण प्रत्येक आमदाराच्या मताला एक मूल्य असतं आणि ते राज्याराज्यात वेगळं असतं. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेत निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचं आणि जे येईल त्याला परत १००० ने भागायचं. महाराष्ट्राचं बघा, ५,०४,१२,२३५ भागिले २८८, मग भागिले १०००, उत्तर १७५. म्हणजे आपल्या एका आमदाराचं मत १७५ चं. उत्तर प्रदेशात तेच २०८ आणि सिक्कीममध्ये फक्त ७.

तुमचं उत्तर ३९० आलं असेल तर तुम्ही २०११ ची लोकसंख्या धरलीय. १३८ आलं असेल तर विधान परिषदेच्या ७८ जागा पण मिळवल्यात, आणि परिषदेच्या आमदारांना या निवडणुकीत मतच नाही. १९७१ चा आकडा जुना आहे म्हणून तो चुकीचा असं खूप जणांना वाटतं, पण तो मुद्दाम गोठवलाय, आधी ४२ व्या आणि नंतर ८४ व्या घटनादुरुस्तीने, ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन त्यामुळेच कमी होऊ नये म्हणून. मला हे अगदी न्याय्य वाटतं. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हाच आकडा चालणार.

खासदाराचं मूल्य काढायला देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज भागिले निवडून आलेले खासदार. २०२२ ला ५,४३,२३१ भागिले ७७६, म्हणजे ७००. त्याआधी २०१७ ला हेच ७०८ होतं, पण २०२२ ला जम्मू-काश्मीरची विधानसभाच नव्हती म्हणून ते उतरलं, त्यामुळे जुना आकडा डोळे मिटून कॉपी करू नका. यात राज्यसभेचे १२ नियुक्त सदस्य धरायचे नाहीत, दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदार मात्र धरायचे. इथेच लोक उपराष्ट्रपती निवडणुकीशी घोळ घालतात, कारण तिथे नियुक्त खासदारांनाही मत असतं, आमदारांना नसतं आणि प्रत्येक मताचं मूल्य एकच असतं.

मूल्य बरोबर काढलं तरी पुढची चूक होतेच, ती म्हणजे सगळी मतं पक्षाच्या नावावर टाकून मोकळं होणं. मतदान गुप्त असतं आणि पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश, काढता येत नाही. २००७ ला शिवसेना एनडीएत होती तरी तिने काँग्रेस आघाडीच्या प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, २०१२ ला प्रणव मुखर्जींना दिला. आघाडीची बेरीज म्हणजे फक्त अंदाज, एवढंच लक्षात ठेवा.

आता उमेदवारी. "खासदार किंवा आमदार असल्याशिवाय उभं राहता येत नाही" हे साफ चूक आहे, डॉ. कलाम कुठे होते आमदार-खासदार? भारताचं नागरिकत्व, वय ३५ पूर्ण, लोकसभेला उभं राहण्याची पात्रता आणि लाभाचं पद नको, एवढंच घटनेत आहे. खरी अडचण सह्यांची येते. ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे या निवडणुकीचे मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार-खासदारच हवेत, आणि एका मतदाराला एकाच उमेदवारासाठी सही करता येते. सोबत १५,००० रुपये अनामत आणि लोकसभेच्या मतदार यादीत आपलं नाव असल्याचा प्रमाणित उतारा, हा उतारा जोडला नाही तर अर्ज बाद. १९६७ ला तब्बल १७ उमेदवार रिंगणात होते, त्यानंतर नियम कडक होत गेले. १९७७ ला ३७ अर्ज आले, छाननीत ३६ बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले.

मतपत्रिका भरण्यात तर आमदार-खासदार स्वतः चुकतात, २०२२ ला ५३ मतं बाद झाली, त्यातली १५ खासदारांची! टिक करायची नाही, शब्दात "एक" लिहायचं नाही, नावापुढे आकड्यातच पसंती लिहायची (पहिल्या पसंतीला १, दुसरीला २ असं) आणि तीही केंद्रावर दिलेल्या पेननेच, खिशातलं पेन वापरलं की मत गेलं. पहिली पसंती लिहावीच लागते, बाकीच्या ऐच्छिक.

दुसऱ्या पसंतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ती सगळ्यांची मोजत नाहीत. वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्याहून जास्त कोणालाच मिळालं नाही, तरच सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि फक्त त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघतात. म्हणजे दुसरी पसंती लिहिल्याने पहिलीला काहीही धक्का लागत नाही. १९६९ बघा, कोटा, म्हणजे जिंकायला लागणारं मतमूल्य, ४,१८,१६९ चा, व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसऱ्या क्रमांकावर आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ वर. खालचे उमेदवार एकेक करत बाद होत गेले, त्यातून वाटली गेलेली मतं जास्त करून रेड्डींकडेच गेली, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि जिंकले. तेव्हा नुसतं "दुसऱ्या पसंतीवर जिंकले" म्हणताना, पहिल्या फेरीतही पुढे तेच होते हेही सांगत जा.

एक छोटी गोष्ट राहिली. राष्ट्रपतिपद मध्येच रिकामं झालं तर उपराष्ट्रपती उरलेली मुदत पूर्ण करतात असं वाटत असेल तर तसं नाहीये, ते फक्त तात्पुरता कारभार बघतात, सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते आणि नव्या राष्ट्रपतींना पूर्ण पाच वर्षं मिळतात.