मुलाला सोबत घेऊन रस्त्यावरची छायाचित्रे टिपताना या चुका टाळा

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन छायाचित्रे टिपायला जाणारे पालक बहुधा एकट्याने भटकायचे असल्यासारखाच बेत आखतात आणि पहिली चूक तिथेच होते. मुलाला गर्दीतून ओढत नेण्यापेक्षा एक जागा धरून थांबावे. १८८६ साली उभ्या राहिलेल्या या मंडईच्या छताखाली अंधूक सावली असते आणि कडेला ऊन. त्या सीमेवर, कोणाची वाट न अडवता उभे राहिल्यास माणसे आपोआप उजेडात येतात.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे गर्दीत कॅमेऱ्याची बटणे फिरवत बसणे, कारण डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्यातून पाहण्याच्या खिडकीला, लागला की मूल नजरेआड होते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर रुंद दृश्य टिपणारी २८ मिमीची लेन्स, एफ/८ (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र लहान), शटर १/२५० सेकंद आणि ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवणे) अशी तयारी घरीच करावी. फोकस हाताने अडीच मीटरवर ठेवल्यास साधारण दीड ते दहा मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते, आणि डाव्या हातात मुलाचा हात धरून उजव्या हाताने छातीजवळून छायाचित्र घेता येते. सावलीत आयएसओ चढून नॉइज, म्हणजे चित्रात बारीक दाणे, दिसेल, तो खुशाल दिसू द्यावा. मुलाच्या ओढाताणीने चित्रे हलत असतील, तर शटर १/५०० करावे.

चुकामूक झाल्यास जागचे हलायचे नाही आणि जवळच्या गाळ्यावरच्या मावशींना सांगायचे, हे मुलाला आधीच समजावावे. फोन क्रमांकाची चिठ्ठी खिशात असावी. शर्टावर नाव मात्र लिहू नये, कारण त्या नावाने अनोळखी माणूसही हाक मारू शकतो. मूल लगेच सापडले नाही, तर ११२ वर कळवण्यास संकोच करू नये.

मूल पाहून विक्रेते मोकळे होतात. त्या आपुलकीचा आडोसा करून न विचारता जवळून चेहरे टिपणे मला अयोग्य वाटते. दुसऱ्यांच्या मुलांबाबत तर त्यांच्या पालकांची संमती हवीच. कोणी हरकत घेतली, तर कायद्याचा वाद न घालता कॅमेरा खाली घ्यावा, छायाचित्र दाखवावे आणि त्यांच्यासमोरच पुसावे. आपले मूल हे सारे पाहत असते.

मुलाच्या हाती जुना छोटा कॅमेरा दिला असेल, तर त्याची चौकट सुधारण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या उंचीवरून तराजूची पारडी आणि लोंबणाऱ्या पिशव्या जशा दिसतात, तशा आपल्याला दिसत नाहीत. ही चित्रे समाजमाध्यमांवर टाकताना मुलाचा शाळेचा गणवेश दिसणारी वगळावीत आणि ठिकाणाची नोंद काढून टाकावी.