सोलापुरात दोन दिवस, इतिहास आणि सिनेमा: या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात पुण्याहून ताई-दाजी आणि त्यांची दोन पोरं आमच्याकडे आली. शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत दाजींनी कार्यक्रम जाहीर केला. "आधी सैराटची ठिकाणं उरकू, मग जेवायला घरी."

"दाजी, करमाळा इथनं सव्वाशे किलोमीटरच्या पुढं आहे."

"म्हणजे सोलापुरात नाही?"

"सोलापूर जिल्ह्यात आहे की!"

सोलापूर जिल्हा केवढा पसरलाय याचा अंदाज बाहेरच्याला येत नाही, आणि तिथंच पहिली चूक होते. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि २०१६ च्या ‘सैराट’चं बरंचसं चित्रीकरणही त्याच तालुक्यातलं. पण शहरात मुक्काम टाकून तिकडं जाऊन येणं म्हणजे अख्खा दिवस गाडीत. त्यापेक्षा करमाळा येताना किंवा जाताना वाटेवर घ्या. गाडीनं पुण्याहून येत असाल तर टेंभुर्णीला महामार्ग सोडायचा. रेल्वेनं असाल तर जेऊर स्टेशन पुणे-सोलापूर मार्गावरच आहे, फक्त आपली गाडी तिथं थांबते का ते आधी बघा. करमाळ्यात कमलाभवानीचं देऊळ चुकवू नका. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं, शहाण्णव खांबांचं, आणि जवळच शहाण्णव पायऱ्यांची बारव. सिनेमावाले आणि इतिहासवाले, दोघांचं एकाच थांब्यात भागतं.

स्टुडिओ शोधत फिरू नका

सोलापूर म्हणजे कोल्हापूर नव्हे. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९२९ साली तिथं उभी राहिली, त्यामुळं कोल्हापुरात दाखवायला जागा आहेत. इथला सिनेमा माणसांतून आलेला आहे, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं.

भैया चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे. लोक तिथं जातात, दहा मिनिटांत फोटो बघून बाहेर पडतात आणि "एवढंच?" म्हणतात. कारण त्यांनी व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) आधी बघितलेला नसतो. माझं स्पष्ट मत: हा सिनेमा बघितल्याशिवाय स्मारकात पाऊल ठेवू नका. आदल्या रात्री घरी लावा. काळा-पांढरा म्हणून पोरं कुरकुर करतील, करू द्या. शांतारामांनी दिग्दर्शन तर केलंच, कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली, आणि त्यांच्या चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री आहेत. १९३८ साली हिंदुस्थानातून पाच डॉक्टर चीनला मदतीला गेले. चार परत आले. सोलापूरचा हा मुलगा तिकडंच राहिला, तिथल्याच परिचारिकेशी, ग्वो छिंगलानशी, लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. त्या वेळी त्याचं मूल चार महिन्यांचंही नव्हतं.

आमची भाची रात्री अर्ध्यावर झोपली होती. सकाळी स्मारकात एका छायाचित्रापुढं थांबून म्हणाली, "मामा, हा तर सिनेमातल्यापेक्षा बारीक आहे." पुढचा अर्धा तास तिनं आम्हाला हलू दिलं नाही.

दुपार बाहेर काढू नका

आम्ही काढली. भुईकोट किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, शेजारी सिद्धेश्वराचा तलाव. बघण्यासारखं भरपूर आहे: बत्तीस खांबी वास्तू, आत सापडलेले जुन्या मंदिराचे अवशेष. पण मे महिन्यात दुपारी दीड वाजता दगड तव्यासारखा तापतो. धाकट्याचा घोळणा फुटला, ओला रुमाल डोक्यावर टाकून रिक्षानं घरी. किल्ला सकाळी लवकर करा, नाहीतर ऊन उतरल्यावर. मधल्या वेळात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि पंख्याखाली झोप. थंडीत यायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा, जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. यात्राच बघायची असेल तर जरूर या. किल्ला आणि देऊळ निवांत बघायचं असेल तर ते दिवस सोडा.

नळदुर्गच्या किल्ल्याचंही तसंच. तिथल्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बाराही महिने आहे, पण नर-मादी धबधबे बोरी नदी भरली तरच पडतात. उन्हाळ्यात धबधब्याचं वचन पोरांना देऊ नका.

संध्याकाळी पार्क चौकाकडं भेळ खायला सगळे जातात आणि चार पुतळ्यांना वळसा घालून निघून येतात. तिथं पाच मिनिटं थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० साली इंग्रजांनी या गावात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. यावर सिनेमा का निघत नाही, हे दाजींनी मला विचारलं. मलाही माहीत नाही.

"आलोच आहोत तर"

या तीन शब्दांनी सहली बुडतात. आलोच आहोत तर तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर. देवदर्शनाला वेगळं या. फार तर एक जोडा. अक्कलकोट जोडलंत तर राजवाड्यातलं शस्त्रागारही बघून घ्या. विजापूरला तिसरा दिवस द्या आणि गोलघुमटावर सकाळी उघडताच चढा. शाळांच्या सहली पोचल्या की प्रतिध्वनी नाही, नुसता गोंगाट.

मी एकच जागा जोडेन, हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेच्या संगमावर, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि त्यात जो वाचेल तो विजयी होईल असं म्हटलंय. लोक वर बघतात, काही दिसत नाही, परत फिरतात. बॅटरी न्या आणि उजेड समोरून न मारता बाजूनं, तिरपा मारा. खाचांत सावली पडते आणि अक्षरं वर येतात. खडू किंवा पाणी अजिबात लावू नका. धाकट्यानं अशीच दोन अक्षरं शोधली आणि आपण विजयी झाल्याचं रात्रीपर्यंत सांगत होता.

रविवारी परत जाताना दाजी टेंभुर्णीहून करमाळ्याला वळले. संध्याकाळी ताईचा फोन आला. पायऱ्या मोजल्या म्हणे, एकाच्या शहाण्णव भरल्या, दुसरीच्या पंच्याण्णव, आणि गाडीत मागं त्यावरून मारामारी चालली होती.