लहान गावात समुपदेशक शोधताना

गाव लहान असलं की दोन अडचणी जोडीने येतात. समुपदेशक मोजकेच असतात, आणि जे असतात ते ओळखीचे निघतात. पहिलीवर तोडगा निघतो. दुसरीचा विचार मात्र कुणी आधी करत नाही, आणि मग उपचार अर्धवट सुटतात.

आधी नेमकं कोण हवंय ते ठरवा. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषधं तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि थेरपी देतात. ताण, नात्यातले पेच, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा गोष्टींसाठी समुपदेशक पुरतात. भास होत असतील, किंवा दिवसेंदिवस झोप न लागता अंगात नुसता उत्साह संचारत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. जीव द्यावासा वाटत असेल तर शोधत बसू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

शोधाची सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. थायरॉइड किंवा रक्तक्षयामुळेही थकवा आणि उदासी येते; ती तपासणी तिथेच उरकते. शिवाय बाहेरगावचे कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे त्यांना ठाऊक असतं. जवळच्या मोठ्या रुग्णालयात आणि मानसशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयातही विचारा. प्रतीक्षायादी लांब असेल तर ‘कुणी वेळ रद्द केली तर मला कळवा’ असं सांगून ठेवा.

नाव मिळालं की वेळ घेण्याआधी दहा मिनिटं फोनवर बोला. शिक्षण कुठे, कोणत्या विषयात? नोंदणी आहे का? माझ्यासारखा त्रास असलेल्यांबरोबर काम केलंय का, आणि कोणत्या पद्धतीने? उत्तर नीट ऐका. ‘सगळंच बघतो’ हे उत्तर नव्हे. ‘हमखास बरं करतो’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवावा. ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) असेल तर ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ (भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती कृती टाळायची, ही पद्धत) येतं का, असं नाव घेऊनच विचारा. ओसीडीत नुसता धीर देत राहिलं तर पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याची सवय उलट घट्ट होते.

आता ओळखीचं. नातेवाईक, साहेबांची बायको, मुलांच्या शिक्षिका यांच्याकडे समुपदेशन घेऊ नये, माणूस कितीही चांगला असला तरी. पुढे आपणच हातचं राखून बोलू लागतो. नुसती तोंडओळख असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर पहिल्याच भेटीत ठरवा: रस्त्यात भेटल्यावर आपण बोललो तरच त्यांनी बोलायचं, नोंदी कुलपात राहतील, आणि गोपनीयता कधी मोडावी लागेल. जिवाला धोका, मुलांवरचे अत्याचार, न्यायालयाचा आदेश हे नेहमीचे अपवाद.

ऑनलाइन सेशनमुळे ओळखीचा प्रश्न बराच सुटतो, पण घरातले कान उरतात. हेडफोन लावा, दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. उभ्या केलेल्या गाडीतूनही बोलता येतं. कॉल तुटला तर पुन्हा कुणी लावायचा, हे आधीच ठरवा. आपण कुठे आहोत ते दर वेळी सांगा: काही अघटित घडलं तर दूरच्या समुपदेशकाला मदत कुठे पाठवायची ते कळायला हवं. ते दुसऱ्या राज्यातले किंवा देशातले असतील, तर आपल्या भागातल्या लोकांवर उपचार करण्याची त्यांना परवानगी आहे का, तेही विचारून घ्या.

सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा. नैराश्य किंवा चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) घेतली तर साधारण १२ ते २० सेशन लागतात. चार-पाच भेटींनंतरही आपण कशावर काम करतोय हेच कळत नसेल, तर तसं स्पष्ट बोला. त्यावर चिडणाऱ्यापेक्षा पद्धत बदलून बघणारा समुपदेशक बरा. तरीही जमलं नाही, तर निघताना झालेल्या कामाचा लेखी गोषवारा मागून घ्या, म्हणजे पुढच्या ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागत नाही.