लँडिंग गिअर नीट तपासायचा कसा, टायरपासून इमर्जन्सी एक्स्टेन्शनपर्यंत

लँडिंग गिअर, म्हणजे विमानाची चाकं आणि त्यांचा सांगाडा, खाली आला नाही की सगळ्यांचं लक्ष पायलटकडे जातं, पण बऱ्याचदा तो प्रॉब्लेम आधीच कुठल्यातरी चेकमध्ये दिसू शकला असता. मेंटेनन्सला नवीन लागलेल्यांसाठी हे लिहितोय. तुमच्या विमानाचं मॅन्युअल सगळ्यात वर, हे त्याच्या जोडीला वाचा.

विमानाखाली शिरायच्या आधी ग्राउंड लॉक पिन (जमिनीवर गिअर चुकून आत दुमडू नये म्हणून लावायच्या खिळी) लागल्यात का ते स्वतः बघा, कोणी "लावल्यात" म्हणून सांगितलं तरी.

मग टायर. प्रेशर टायर थंड असतानाच घ्यायचं, म्हणजे लँडिंगनंतर किमान दोन-तीन तासांनी, आणि गेजनेच. एका ॲक्सलवर दोन टायर असले की एकाचं प्रेशर उतरलं तरी जोडीचा टायर वजन उचलतो, म्हणून नुसत्या नजरेला काही कळत नाही. ११ जुलै १९९१ ला जेद्दाहून निघालेल्या डीसी-८ च्या टायरमध्ये प्रेशर कमी होतं, हे माहीत असूनही विमान सोडलं, टेकऑफच्या धावेतच टायर निकामी होऊन आग लागली, चाकं आत घेतल्यावर ती आग विमानाच्या पोटात गेली आणि २६१ माणसं गेली. त्यामुळे "टायरमध्ये भरायला नायट्रोजन आत्ता नाहीये, पुढच्या स्टेशनला बघू" हे मला अजिबात मान्य नाही. आणि नायट्रोजनच का, तर साध्या हवेत ऑक्सिजन आणि ओलावा असतो, ब्रेक तापले की तोच ऑक्सिजन घात करतो.

स्ट्रटवर, म्हणजे लँडिंगचा धक्का झेलणाऱ्या तेल आणि गॅस भरलेल्या पायावर, जरा जास्त वेळ द्या. खालचा चकचकीत क्रोमचा भाग स्वच्छ कापडाला त्याच स्ट्रटचं हायड्रॉलिक तेल लावून पुसायचा, कारण त्यावर बसलेली धूळ वर सरकून सील कापते आणि मग लीक सुरू. पुसताना बोटाला ओरखडा लागतोय का बघा. स्ट्रट किती बाहेर आहे ते मोजून प्रेशरच्या चार्टशी जुळवा. स्ट्रट बसलेला दिसला की बरेच जण सरळ नायट्रोजन भरून उंची बरोबर करतात, हे करू नका! तेल गळून कमी झालं असेल तर नुसत्या गॅसने उंची बरोबर दिसते, पण जोरात लँडिंग झालं की स्ट्रट पार तळाला जाऊन आदळतो. आधी तेलाची लेव्हल, मग गॅस.

गंज हा सगळ्यात लबाड, कारण तो आतून खातो. सप्टेंबर २००७ मध्ये एसएएस या एअरलाइनच्या डॅश ८ क्यू४०० विमानांचा मेन गिअर लँडिंगला कोलमडला, ९ तारखेला आल्बोर्गला आणि १२ ला व्हिल्नियसला, आणि कारण निघालं रिट्रॅक्शन ॲक्च्युएटरच्या (गिअर आत ओढणाऱ्या सिलिंडरच्या) रॉड एन्डच्या, म्हणजे टोकाच्या जोडाच्या, आट्यांमधला गंज, जो बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे टास्क कार्डवर (कामाच्या यादीच्या कागदावर) पार्ट उघडून बघा असं लिहिलं असेल तर उघडूनच बघायचं. प्रेशर वॉशचा फवारा सील आणि बेअरिंगवर मारू नका, आणि धुतल्यावर ग्रीस परत भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत.

विमान जॅकवर उचलून गिअर स्विंग करताना, म्हणजे आत-बाहेर करून बघताना, नॉर्मल सिस्टिमवर थांबू नका, इमर्जन्सी एक्स्टेन्शनपण (नॉर्मल सिस्टिम बंद पडली तर गिअर खाली सोडायची पर्यायी सोय) पूर्ण करून बघा आणि शेवटी सगळे सर्किट ब्रेकर (बाहेर आला की त्या सर्किटची वीज तुटते असे स्विच) आत आहेत ना ते एकेक करून तपासा. १ नोव्हेंबर २०११ ला लॉट या पोलिश एअरलाइनचं बोइंग ७६७ वॉर्साला पोटावर उतरलं ते यामुळेच, हायड्रॉलिक लीक झाल्यावर पर्यायी सिस्टिम चालायला हवी होती पण तिचा ब्रेकर बाहेर आलेला होता. नशिबाने २३१ च्या २३१ जण वाचले. नंतर विमान उचलून तो ब्रेकर आत दाबला तर गिअर खाली आला!

इंडिकेटरचे दिवेपण याच कामात धरा. डिसेंबर १९७२ मध्ये ईस्टर्न एअरलाइन्सच्या फ्लाइट ४०१ चा नोज गिअर (पुढचं चाक) खाली लॉक होता, उडाला होता फक्त दिवा, त्यात क्रू इतका गुंतला की ऑटोपायलटने धरलेली उंची सुटल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि विमान फ्लोरिडाच्या दलदलीत गेलं.

लॉगबुकमध्ये "टायर ओके" असं लिहू नका, मोजलेला आकडा लिहा, टायर कुठला तेही लिहा. २४ तासांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त प्रेशर उतरतंय हे पुढच्या शिफ्टवाल्याला त्या आकड्यावरूनच कळणार आहे.