साठ जणांच्या टीमचे टी-शर्ट: आधी कापड, मग छपाई

कंपनीच्या टी-शर्टचं काम बहुतेक ठिकाणी डिझाइनपासून सुरू होतं. ग्रुपवर चार नमुने पडतात, मतं येतात, रंगावरून वाद होतो. कापडाचा विषय अगदी शेवटी निघतो, तोही ‘जरा चांगलं द्या’ एवढाच. क्रम उलटा हवा. कापडावरून छपाई ठरते आणि छपाईवरून डिझाइनमध्ये किती रंग, किती बारीक रेघा चालतील ते ठरतं. इथे उदाहरणादाखल साठ जणांची ग्राहकसेवा टीम धरू: गडद निळा गोल गळ्याचा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या आणि नारिंगी रंगाचा लोगो, पाठीवर ‘गाऱ्हाणी इकडे सांगा’ ही ओळ.

कापड

व्यापारी पहिला शब्द उच्चारतो तो जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४०-१५० जीएसएमचा टी-शर्ट एका दिवसाच्या कार्यक्रमापुरता. नंतर त्याने गाडी पुसली जाते. ऑफिसात पुन्हा पुन्हा घालायचा असेल तर १८० घ्या. २२०च्या पुढचा हाताला भारी लागतो खरा, पण मुंबई-कोकणच्या दमटपणात एप्रिल-मेमध्ये कुणी घालणार नाही. पांढऱ्या रंगात १८०च्या खाली उतरूच नका, आतल्या बनियनची शिवण दिसते. कॉलरचा हवा असेल तर मॅटी, म्हणजे जाळीदार विणीचं कापड, २२० ते २४०चं घ्या. शुद्ध सुती मॅटी अंगाला बरी, पण कॉलर लवकर मरगळते. पीसी (पॉलिएस्टर-कॉटन) मॅटीत पॉलिएस्टर असल्याने ती आकार धरून राहते. ड्रायफिट, म्हणजे घाम लवकर सुकवणारं पॉलिएस्टर, मॅरेथॉनला किंवा क्रिकेटच्या सामन्याला ठीक. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांना देऊ नका, संध्याकाळपर्यंत वास धरतो.

सुती कापडात दोन शब्द मागून घ्या: कोम्ब्ड आणि बायोवॉश. कोम्ब्डमध्ये आखूड तंतू विंचरून काढलेले असतात आणि बायोवॉशमध्ये वरची लव एन्झाइमने उतरवलेली असते. लव राहिली की छपाईची शाई तिच्यावर बसते, धुण्यात लव उभी राहते आणि छपाई भुरकट दिसू लागते. पुष्कळदा शाईला शिव्या बसतात, दोष कापडाचा असतो. ‘तिरुपूरचा माल आहे’ (तिरुपूर म्हणजे तमिळनाडूतलं विणलेल्या कपड्यांचं केंद्र) हे ऐकून निश्चिंत होऊ नका. तिरुपूरहून निर्यातीच्या दर्जाचंही येतं आणि झिरझिरीतही.

एक कोरा टी-शर्ट विकत घ्या आणि तो वाया घालवायची तयारी ठेवा. आधी पेनाने खुणा करून लांबी-रुंदी मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. २८ इंच लांबीतला एक इंच गेला तर कापड साडेतीन टक्के आटलं. याहून जास्त असेल तर माल नाकारा. बाजूची शिवण बघा. धुतल्यावर ती पोटाकडे वळली असेल तर विणीतला पीळ नीट बसवलेला नाही आणि सगळेच टी-शर्ट असे वळणार. गळ्याची पट्टी बोटांनी ताणून सोडा. तिच्यात लायक्रा नसेल तर ती लगेच मागे येत नाही आणि दोन महिन्यांत गळा लोंबतो. शेवटी पाठीतून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर ठेवा. १.८ ग्रॅम भरला तर १८० जीएसएम. चौकोनाचा एक धागा जाळून पाहा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर.

मापं

इथे सगळ्यात जास्त माल वाया जातो. ‘तुझा साइज काय?’ असं फॉर्ममध्ये विचारलं की लोक ब्रँडच्या सवयीने एल लिहितात, आणि एका कारखान्याचा एल दुसऱ्याचा एम असतो. त्यापेक्षा विक्रेत्याकडून एस ते डबल एक्सएल असा कोऱ्या टी-शर्टचा संच दोन दिवसांसाठी मागवा, तो रिसेप्शनपाशी टांगा आणि प्रत्येकाला अंगात घालून नाव लिहायला सांगा. जे घरून काम करतात त्यांना आपला नीट बसणारा टी-शर्ट सपाट अंथरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगा. त्याची दुप्पट म्हणजे कपड्याची छाती. हे इंच विक्रेत्याच्या तक्त्याशी जुळवा, अक्षरांवर जाऊ नका. स्त्रियांसाठी वेगळा कट मिळत असेल तर तो पर्याय फॉर्ममध्ये ठेवा, पण सक्ती नको. पुष्कळजणींना सरळ कटच आवडतो. साठांवर चार जादा घ्या, एम आणि एलमध्ये. नंतर मागवलेला माल रंगाईच्या दुसऱ्या घाण्याचा असतो आणि शेजारी उभं राहिल्यावर निळ्यातला फरक लांबून दिसतो.

कोणती छपाई

साठ सारखे टी-शर्ट, दोन रंग, सुती कापड: हे स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे. यात प्रत्येक रंगाला एक स्क्रीन, म्हणजे शाई गाळून पाडणारी जाळीची चौकट, लागतो आणि त्याचा खर्च एकदाच येतो. आपल्या उदाहरणात गडद निळ्यावर नारिंगी थेट मारला तर तो विटकरी दिसेल, म्हणून खाली पांढरा थर हवा. सुदैवाने लोगोत पांढरा आहेच, तेव्हा एकाच पांढऱ्या स्क्रीनमध्ये दोन्ही कामं होतात. छातीसाठी दोन स्क्रीन, पाठीसाठी एक. समजा एका स्क्रीनचे ५०० रुपये, तर १,५०० रुपये साठांवर वाटून नगामागे २५ येतात. तेच बारा टी-शर्ट असते तर १२५ झाले असते, आणि तिथे डीटीएफ (फिल्मवर छापून कापडावर उतरवायची पद्धत) स्वस्त पडलं असतं.

नारिंगीच्या खालचा पांढरा थर कडेने केसभर आत घ्यायला सांगा, नाहीतर टी-शर्ट किंचित सरकला की नारिंगीभोवती पांढरी कड दिसते. पांढरा मारल्यावर फ्लॅशखाली, म्हणजे सुकवायच्या हीटरखाली, सुकवून मगच नारिंगी मारायचा. घाईत हा टप्पा गाळला की दोन्ही रंग मिसळून फिकट, चिकट नारिंगी तयार होतो. प्लास्टिसॉल (उष्णतेनेच पक्की होणारी, प्लास्टिकयुक्त) शाई असेल तर तिचा पूर्ण थर १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. वरून सुकलेली आणि आतून कच्ची शाई दिसायला तशीच दिसते, पण तिसऱ्या धुण्यात तडे जातात. ओळखायचं असं: छपाई दोन्ही हातांनी ताणा. पक्की असेल तर कापडाबरोबर ताणली जाऊन परत येते, कच्ची असेल तर भेगा पडतात.

डीटीएफमध्ये डिझाइन फिल्मवर छापतात, त्यावर चिकट पावडर टाकून ती तापवतात आणि हीट प्रेसने कापडावर उतरवतात. रंग कितीही असोत, दर तोच. प्रत्येकाचं नाव वेगळं छापायचं असेल तर हे सोयीचं. साधारण १५०-१६० अंश, १० ते १५ सेकंद दाब. त्याआधी टी-शर्ट तीन-चार सेकंद नुसता दाबून त्यातली ओल काढायची. ही ओल राहिली की कडा सुटतात, पावसाळ्यात तर हमखास. फिल्म सोलल्यावर वर बटर पेपर ठेवून पुन्हा एकदा दाब द्यावा लागतो, तो वेळ वाचवायला वगळला जातो. डीटीएफचा खरा तोटा अंगावर कळतो: छातीभर भरीव चौकोन छापला तर प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखं वाटतं आणि त्याखाली घाम येतो. डिझाइन मोकळं ठेवा, मधून कापड दिसू द्या.

भरतकाम कॉलरच्या टी-शर्टला शोभतं. १८०च्या पातळ जर्सीवर टाके ओढले जाऊन कापड चुरगळतं. पंचिंग, म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवणं, एकदा करावं लागतं, दर टाक्यांच्या हजारावर असतो. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग कापडात मुरवणं, फक्त फिकट रंगाच्या पॉलिएस्टरवर चालतं, पांढरा रंग त्यात छापताच येत नाही. आणि लाल पॉलिएस्टरवर पांढरी छपाई करणार असाल तर सावध राहा. उष्णतेने कापडाचा रंग शाईत चढतो, दोन दिवसांत पांढऱ्याचा गुलाबी होतो. रंग रोखणारा खास थर न मागता बहुधा कुणी देत नाही.

मराठी ओळ

पाठीवरची ओळ मराठीत असेल तर सगळ्यात जास्त लक्ष तिथे द्या, कारण छापणारा ती वाचेलच असं नाही. ‘गाऱ्हाणी’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ डोळ्यांवरच्या पापणीसारखा दिसतो. चुकीच्या फॉन्टमध्ये किंवा टाइप करताना नेहमीचा ‘र’ वापरला तर तो रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसतो आणि ‘गार्हाणी’ तयार होतं. ‘ल’ आणि ‘श’ यांचीही हिंदी वळणं पुष्कळ फॉन्टमध्ये डिफॉल्ट असतात. ‘इकडे सांगा’मध्ये दोन्ही नाहीत, पण ‘कुशल’सारखा शब्द आला की मराठी वाचकाला खटकतं. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातात आणि जोडाक्षरं हलन्त पाय मोडून सुटी उभी राहतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल तर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते.

उपाय एकच: ओळ नीट दिसत असताना ती कर्व्हमध्ये बदला आणि मगच पीडीएफ किंवा सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) पाठवा. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, आकृती होते. ती कुठेही तुटत नाही, पण दुरुस्तही होत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. फॉन्ट जाड निवडा. अनुस्वाराचा ठिपका आणि ‘ण’, ‘इ’ यांच्यातल्या पोकळ्या छपाईत बुजतात. ओळीची उंची पाऊण इंचाच्या खाली नको. भरतकामात आठ मिलिमीटरच्या खालचं देवनागरी वाचता येत नाही. लोगोही व्हॉट्सॲपवरून आलेला जेपीईजी चालणार नाही, व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी, फाइल मागा. शाईचा रंग पँटोन (रंगांची ठरलेली क्रमांकयादी) क्रमांकाने सांगा, ‘आपला नारिंगी’ असं नको.

जागा

छातीवरचा लोगो तीन ते साडेतीन इंच रुंद ठेवा. पाठीची ओळ दहा इंच रुंद, गळ्याच्या शिवणीखाली चार इंच. रुंदी एसच्या मापावर ठरवा, कारण तोच स्क्रीन सगळ्या मापांना वापरला जातो आणि एसवर फार रुंद ओळ काखेकडे सरकते. एक वाक्य ऑर्डरवर स्वच्छ लिहा: ‘घालणाऱ्याची डावी बाजू’. टेबलावर अंथरलेल्या टी-शर्टची डावी आणि अंगातली डावी उलट असते, आणि या एका शब्दावरून गठ्ठेच्या गठ्ठे चुकलेले आहेत.

नमुना, दर आणि तारीख

संगणकावरचं चित्र म्हणजे नमुना नव्हे. त्याच कापडावर, त्याच शाईने छापलेला एक टी-शर्ट मागा, त्याचे पैसे द्या. तो उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नाही. चोवीस तास थांबून उलटा करून तीनदा धुवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने निळं कापड घासा, फडकं निळं झालं तर पहिल्याच धुण्यात घरातल्या बाकीच्या कपड्यांची वाट लागणार. पसंत पडलेल्या नमुन्यावर दोघांच्या सह्या करून तो स्वतःकडे ठेवा.

कोटेशनमध्ये स्क्रीनचा खर्च, छपाई, घडी-पॅकिंग आणि कर वेगळे लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांना ५ टक्के जीएसटी आहे, म्हणून भलता आकडा दिसला तर विचारा. निम्मे पैसे आगाऊ, बाकीचे माल मोजून घेतल्यावर. नमुना मंजूर झाल्यापासून दहा-बारा दिवस धरा. श्रावण-भाद्रपदात मात्र तीन आठवडे, कारण गोविंदा पथकं आणि गणेश मंडळं शेकड्याने टी-शर्ट छापून घेतात आणि तुमच्या साठांचा नंबर त्यांच्यामागे लागतो. शिवाय त्या दमट हवेत स्क्रीनवरचं इमल्शन, म्हणजे नको तिथली जाळी बुजवणारा लेप, नीट वाळत नाही, त्याला बारीक भोकं पडतात आणि टी-शर्टवर नको तिथे पांढरे ठिपके उमटतात.

माल आला की

पैसे देण्याआधी प्रत्येक मापाच्या गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि खालचा टी-शर्ट उघडा. छापणारा चांगले वर ठेवतो, त्यात वावगं काही नाही, आपण खालचा बघायचा. लोगो सरळ आहे का हे कॉलरच्या मध्यापासून मोजा, नुसत्या नजरेने नको. गळ्यामागचं लेबल आणि प्रत्यक्ष छाती टेपने जुळवा. एलच्या पिशवीत एम निघणं ही रोजची गोष्ट आहे. ठिपके पडलेले, तिरके छापलेले त्याच दिवशी परत करा, कारण स्क्रीन पुसून फ्रेम पुढच्या कामाला लागतात आणि मग दोन टी-शर्टसाठी कुणी पुन्हा स्क्रीन बनवत नाही. छापणारा स्क्रीन किती दिवस राखून ठेवणार हे आधीच विचारा, आणि दुरुस्त केलेली कर्व्ह फाइल, शाईचे क्रमांक आणि भरतकाम केलं असेल तर पंचिंगची फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर घ्या.