टायटॅनियमची ग्रॅव्हल फ्रेम कशी निवडावी

ग्रॅव्हल सायकल म्हणजे डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल. तिच्या टायटॅनियमच्या फ्रेमसाठी जे जादा पैसे मोजावे लागतात, ते मुख्यतः त्या फ्रेमच्या आयुष्याचे असतात. वजनात कार्बन तिच्यापेक्षा सरस ठरतो, किमतीत स्टील. पण टायटॅनियम गंजत नाही, त्याला रंगाची गरज नसते आणि नीट जोडलेली फ्रेम वीस-पंचवीस वर्षे सहज वापरता येते. एवढ्या काळात गिअर, ब्रेक आणि चाके यांच्या दोन-तीन पिढ्या बदलून जातात. त्यामुळे फ्रेम निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की दहा वर्षांनी हिच्यात बसणारे सुटे भाग साध्या दुकानात मिळतील का.

त्याआधी आपले रस्ते कोणते, हे मात्र स्वतःशी स्पष्ट असायला हवे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे होणारी अनबाउंड ही सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत वेगाची आहे. तिथे हलकी, चपळ सायकल लागते. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटेलोप वेल्सपर्यंत जाणारी टूर डिव्हाइड सुमारे ४,४०० किलोमीटरची असून तिथे अनेक जण माउंटन बाइकच्या रुंदीचे टायर वापरतात. आपल्याकडचा रेवदंडा, मुरूड, आगरदांडा, दिघी, श्रीवर्धन असा तरींवरून पुढे सरकणारा किनारी मार्ग या दोहोंच्या मधला आहे : बराचसा डांबरी, अधूनमधून जांभ्याचा, आणि छोटे पण छातीवर येणारे चढ असलेला. एकच फ्रेम घेऊन हे सगळे साधायचे असेल, तर मधला पर्याय निवडावा आणि मापात थोडी जागा शिल्लक ठेवावी.

ही जागा सर्वांत आधी टायरला लागते. ७०० आकाराच्या चाकावर ५० मिलिमीटर रुंदीचा टायर बसेल अशी फ्रेम घ्यावी. रोज ४० मिलिमीटरचाच वापरणार असलात तरीही. कंपनीने दिलेला आकडा मोकळ्या जागेसह आहे की टायर अगदी खेटून बसतो, हे विचारून घ्यावे. दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर अंतर नसेल, तर पावसाळ्यातला तांबडा चिखल चेनस्टेच्या (पायडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या नळ्यांच्या) खोबणीत साचतो आणि चाक अडू लागते. कोरा टायर रुंद रिमवर चढवला की छापील मापापेक्षा दोन मिलिमीटर जास्त भरू शकतो, हेही हिशेबात धरावे.

आता धातूविषयी. बहुतेक फ्रेमच्या नळ्या ग्रेड ९ च्या असतात, म्हणजे टायटॅनियममध्ये ३ टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम. ग्रेड ५ मध्ये हे प्रमाण ६ आणि ४ टक्के असते. तो अधिक मजबूत, पण नळ्या ओढण्यास अवघड, म्हणून ड्रॉपआउटसारख्या (चाकाचा आस जिथे बसतो तो भाग) यंत्रावर कोरलेल्या भागांसाठी तो जास्त वापरतात. जाहिरातीत ग्रेड ५ चा गाजावाजा दिसला म्हणून भारावून जाण्याचे कारण नाही. नळीचा व्यास आणि जाडी यांना त्याहून अधिक महत्त्व आहे. टायटॅनियमची ताठरता स्टीलच्या साधारण निम्मी असते. बारीक नळ्यांची फ्रेम रिकामी असताना मऊ, सुखद वाटते. परंतु तिच्यावर पंधरा किलो सामान लादून घाट उतरू लागलात, की पुढचे चाक थरथरू शकते. सामान घेऊन फिरणाऱ्याने जाड व्यासाची डाउनट्यूब (हँडलकडून पायडलकडे उतरणारी नळी) असलेली फ्रेम घ्यावी. आराम हवा असेल तर तो रुंद टायर आणि त्यातली कमी हवा यांतून मिळतो. ‘टायटॅनियमचा जादुई आराम’ ही बहुतांशी विक्रेत्यांची भाषा आहे, असे माझे मत आहे.

वेल्डिंग मात्र जवळून पाहण्यासारखी गोष्ट आहे. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते, म्हणून सांधा जोडताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आरगॉन वायू सोडावा लागतो. बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या) कवचात टॉर्च मारून आतला सांधा पाहावा. तो चंदेरी किंवा फिकट गवती रंगाचा असेल तर काम चांगले. गडद निळी, करडी किंवा पांढुरकी भुकटीसारखी छटा दिसली तर आरगॉन कमी पडला असे समजावे. बाहेरचा भाग पॉलिश करून चमकवता येतो, आतला सहसा तसाच राहतो. दुरुस्तीचा विचारही इथेच करावा : स्टीलची फ्रेम तालुक्याच्या गावातला वेल्डरही जोडून देईल, टायटॅनियमचा तडा त्याच्याकडे नेण्यात अर्थ नाही.

सुट्या भागांच्या मापांबाबत माझा कल जुन्या, साध्या गोष्टींकडे आहे. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असावा, बीएसए किंवा टी४७ या मापाचा. दाबून बसवलेला प्रकार कुरकुरू लागला की रस्त्यावर काही करता येत नाही. ४४ मिलिमीटरच्या हेडट्यूबमध्ये (हँडलखालच्या आखूड नळीत) सरळ दांड्याचा आणि खाली रुंद होत जाणाऱ्या दांड्याचा, असे दोन्ही प्रकारचे फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) बसतात, त्यामुळे पुढे फोर्क बदलायला मोकळीक राहते. मागे १२ बाय १४२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा आस) आणि यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा, हँगर (मागचा गिअर ज्याला लटकतो तो तुकडा) असावा. सायकल उजव्या अंगावर पडली की सर्वांत आधी हँगर वाकतो. तो त्या कंपनीचाच लागत असेल, तर सहल तिथेच संपते. वायरी आणि ब्रेकच्या नळ्या हेडसेटमधून (हेडट्यूबमधल्या बेअरिंगमधून) आत नेणारी रचना देखणी दिसते, पण वरचे बेअरिंग बदलायला ब्रेकची नळी सोडवावी लागते. खारी हवा आणि पाऊस असलेल्या प्रदेशात बेअरिंग वारंवार बदलावे लागते, म्हणून नळ्या बाहेरून नेणारी फ्रेमच बरी. आंबोलीसारखे लांब उतार सामानासह उतरायचे असतील तर १८० मिलिमीटरची डिस्क बसते का, हेही पाहावे.

सामान बांधण्याच्या जागा मोजताना उंचीचा विचार विसरू नये. मध्यम किंवा कमी उंचीच्या माणसाची फ्रेम लहान, तिचा त्रिकोण आणखी लहान, आणि उतरती टॉपट्यूब (वरची आडवी नळी) असेल तर फ्रेम बॅगला जागाच उरत नाही. अशा वेळी पाण्याच्या बाटल्या फोर्कवर आणि डाउनट्यूबच्या खाली न्याव्या लागतात, म्हणून दोन्हीकडे तीन-तीन बोल्टची भोके हवीत. सीटबॅग मागच्या टायरला घासण्याचा धोकाही लहान फ्रेमला जास्त. ७०० पेक्षा लहान अशी ६५० बी चाके घेतली तर तो कमी होतो. मागे कॅरिअर आणि मडगार्डसाठी वेगवेगळी भोके असावीत. पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) लावणार असाल तर चेनस्टे ४३५ ते ४४५ मिलिमीटर असावी, नाही तर प्रत्येक पायडलला टाच बॅगेला लागते. हेडट्यूबचा कोन ७० ते ७१ अंशांच्या आसपास असला की सामान लादल्यावरही सायकल शांतपणे सरळ चालते.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, २७.२ मिलिमीटर व्यासाचा घ्यावा. त्याला किंचित लवचीकता असते. ॲल्युमिनियमचा पोस्ट कोरडाच बसवला, तर घाम आणि खारे पाणी झिरपून तो फ्रेममध्ये पक्का अडकतो, म्हणून अँटी-सीझ ग्रीस लावून बसवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी काढून पुसावा. टायटॅनियमचे बोल्टही ग्रीसशिवाय आवळू नयेत, कारण हा धातू स्वतःलाच चिकटतो.

फ्रेम परदेशातून मागवताना सीमाशुल्क, जीएसटी आणि वाहतूक धरून किंमत काढावी. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का आणि तडा गेल्यास फ्रेम परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, ही दोन उत्तरे लेखी घ्यावीत. मापानुसार बनवून घेणार असाल तर कारागीर आधी आराखडा पाठवतो. त्यावर संमती देण्यापूर्वी स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उंची आणि आडवे अंतर), टायरची जागा आणि प्रत्येक भोकाची जागा स्वतः तपासावी, कारण नळ्या कापल्यानंतर भोक दोन सेंटिमीटर वर सरकवण्याची सोय कोणाकडेच नसते.