उठावदार विणीचे क्रोशे अभ्रे: उसवायला लावणाऱ्या या चुका टाळा

भाचीच्या खोलीसाठी विणलेला माझा पहिला वॅफल विणीचा अभ्रा उशीवर चढलाच नाही. उशी 16 इंची होती. सुरुवातीची साखळी टेप लावून मोजली होती, बरोबर 16 इंच. पाच-सहा ओळी झाल्यावर कडा आत यायला लागल्या, ते दिसतही होतं. पण ‘ओढलं की बसेल’ म्हणत मी विणत राहिले. शेवटी हातात आला जेमतेम साडेतेरा इंच रुंदीचा तुकडा. पुढच्या दोन संध्याकाळी उसवण्यात गेल्या आणि कुरळ्या झालेल्या लोकरीचा एक ढीग तेवढा उरला.

सपाट विणीत साखळीवरून माप धरलं तरी फारसं बिघडत नाही. उठावाच्या विणीत बिघडतं, कारण विणीचा जो भाग वर येतो तो कुठून तरी खेचला जाऊनच वर येतो. वॅफल, बास्केटवीव्ह, केबल या विणींत आपण टाक्याच्या डोक्यात सुई न घालता त्याच्या उभ्या दांड्याच्या भोवतीने घालतो. तो दांडा पुढे ओढला जातो आणि रुंदी आटते. लोकरही साध्या विणीपेक्षा बरीच जास्त लागते, त्यामुळे गुंडे साध्या विणीच्या हिशेबाने घेतले तर शेवटच्या चार ओळींना लोकर कमी पडते. मग नंतर आणलेला गुंडा दुसऱ्या डाय लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला निघतो आणि नावाला तोच रंग असूनही भिंतीवरच्या पॅचसारखा वेगळा दिसतो. असं झालंच तर जुना आणि नवा गुंडा दोन-दोन ओळी आळीपाळीने विणा, फरक पुष्कळ लपतो.

नमुना न विणणं, किंवा विणून न धुणं

नमुना विणायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मलाही आहे. तरी किमान 6 इंच बाय 6 इंचाचा तुकडा त्याच लोकरीने, त्याच सुईने आणि त्याच नक्षीत विणा. मग अभ्रा पुढे जसा धुणार आहात तसाच तो धुवा, वाळवा आणि मधल्या 4 इंचांत किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते नेहमीच वेडेवाकडे असतात.

समजा 4 इंचांत 14 टाके आले. 16 इंची उशीला अभ्रा 15 इंचांचा ठेवायचा. थोडा ताण असला की उशी टुमटुमीत दिसते आणि वापराने विण सैलावली तरी अभ्रा ढगळ होत नाही. 15 इंचांना साडेबावन्न टाके येतात. आता नक्षी काय आहे ते बघा. तीन सिंगल क्रोशे (ठेंगणा साधा टाका) आणि एक बॉबल (वर उठलेला गोळा) असा गट असेल, तर टाके 4 च्या पटीत अधिक 3 हवेत, म्हणजे दोन्ही कडांना सारखे तीन-तीन टाके उरतात. 51 टाके घ्या. पहिल्या बॉबलच्या ओळीत 12 बॉबल बसतील. पुढच्या बॉबलच्या ओळीत नक्षी दोन टाक्यांनी सरकवली की कडेला एकेक टाका सोडून 13 बसतील. बारा, तेरा, बारा, तेरा हे ध्यानात ठेवलं की चूक त्याच ओळीत सापडते.

अभ्रा याहून फार लहान करू नका. ताण वाढला की टाक्यांमधली भोकं उघडतात आणि आतली पांढरी उशी डोकावते. भोकं मापामुळे नसून सैल हातामुळे पडत असतील तर एक नंबर लहान सुई घ्या. अख्खा अभ्रा विणून झाल्यावर हे लक्षात आलं, तर उसवत बसू नका. लोकरीच्या रंगाचं साधं कापडी कव्हर उशीला आधी घाला, भोकं दिसेनाशी होतात.

बॉबल वर का येत नाही

सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. बॉबल म्हणजे एकाच टाक्यात अर्धवट सोडलेले पाच खांब, म्हणजे डबल क्रोशे. सुईवर वेढा, टाक्यात सुई, धागा वर, पुन्हा वेढा आणि दोन फासांतून बाहेर, असं पाच वेळा केलं की सुईवर सहा फास असतात. त्या सहांतून एकदम धागा ओढला की गोळा तयार.

हा गोळा आपल्याकडे येत नाही, आपल्यापासून पलीकडे फुगतो. म्हणून बॉबल नेहमी उलट बाजू समोर असतानाच विणायचे आणि सुलट बाजूची ओळ साध्या सिंगल क्रोशेची ठेवायची. घाईत प्रत्येक ओळीत बॉबल टाकले की अर्धे पुढे उठतात आणि अर्धे मागे. मागे गेलेला एखादा बोटाने ढकलून पुढे आणता येतो, पण त्याचा भरवसा नाही. पंधरा-वीस असतील तर उसवलेलंच बरं.

बाजू बरोबर असूनही बॉबल चपटा दिसत असेल तर त्याच्या शेजाऱ्यांकडे बघा. दोन्ही बाजूंना खांबच असेल, तर बॉबल त्याच उंचीचा असतो, मग तो फुगेल कशाला? शेजारी ठेंगणा सिंगल क्रोशे ठेवला की उंच बॉबलला सरळ उभं राहायला जागा उरत नाही. तो वाकतो आणि बाहेर येतो. बॉबल बंद केल्यावरचा पहिला टाका जरा घट्ट घ्या, म्हणजे गोळा गच्च बसतो.

आणि एक फसवणूक. पॅटर्न ब्रिटिश पद्धतीने लिहिलेला असेल तर त्यातला डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, आणि ब्रिटिश ट्रेबल म्हणजे अमेरिकन डबल. पॅटर्नमध्ये कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला की तो अमेरिकन समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही. हे न बघता विणलं की नक्षी सगळी बसकी किंवा उगाच उंच होते आणि आपण दोष सुईला देतो.

पॉपकॉर्न दिसायला बॉबलचा भाऊ असला तरी वेगळा आहे. त्यात पाच खांब पूर्ण विणायचे, सुई काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सोडलेला फास त्यातून ओढायचा. सुलट बाजूला विणताना सुई पुढून मागे घाला, उलट बाजूला असाल तर मागून पुढे. ही दिशा चुकली की पॉपकॉर्न भलत्याच बाजूला उठतो.

मुलांच्या उशीसाठी माझं मत बॉबलला. पॉपकॉर्नच्या मागे पोकळी राहते, तिच्यात लहान बोट बरोबर जातं आणि एकदा गेलं की ते ओढून बघायचा मोह आवरत नाही. पफ टाका त्याहून वाईट, त्याचे सैल लांब फास नखात नाही तर खेळण्यात अडकून उपसून येतात.

कडा तिरक्या जाणं

चौकोन हळूहळू त्रिकोणाकडे झुकत असेल तर टाके गळतायत किंवा वाढतायत. बहुतेक वेळा गुन्हेगार असतो तो ओळ संपून वळताना घातलेल्या साखळ्यांचा हिशेब. सिंगल क्रोशेची एक साखळी सहसा टाका म्हणून धरत नाहीत, खांबाच्या तीन साखळ्या सहसा धरतात. पॅटर्नमध्ये काय म्हटलंय ते आधी वाचा. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात मार्कर लावा. मार्कर नसेल तर दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा चालतो.

उठावाच्या विणीत एक जास्तीची गोम आहे. काही पॅटर्नमध्ये बॉबल बंद करायला एक साखळी घालतात. पुढच्या ओळीत ती साखळी स्वतंत्र टाक्यासारखी दिसते, तिच्यात एक सिंगल क्रोशे घातला जातो, शिवाय बॉबलच्या डोक्यातही एक. दर बॉबलमागे एक टाका वाढला की 51 चे 63 व्हायला एक ओळ पुरते.

लोकर

केसाळ लोकर आणि रंगीबेरंगी छटांची लोकर दोन्ही उठाव खातात. एवढी मेहनत केलेले बॉबल दिसतच नाहीत. गडद निळा, काळा यांतही सावली पडत नाही. फिका, एकरंगी, घट्ट पिळाचा सुती धागा किंवा अॅक्रिलिक घ्या. दोन रंग असतील तर गडद धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. कापडाला डाग पडला तर तो रंग पांढऱ्याशेजारी नको.

मुलाची उशी आहे, हे विसरणं

दुसऱ्यांदा विणलेला अभ्रा मापात बसला. दोन्ही बाजूंनी बॉबल, मी खूश. भाची दुपारी त्याच्यावर झोपली आणि उठली तेव्हा गालावर ठिपक्यांची रांगोळी. ‘मावशी, छान आहे गं, पण टोचते.’ तेव्हापासून मागची बाजू मी सपाट विणते. निम्मी मेहनत वाचते ते वेगळंच.

बटणं, मणी, गोंडे, चिकटवलेले डोळे हे तीन वर्षांखालच्या मुलाच्या उशीवर नकोत. खेळण्यांच्या तपासणीत छोट्या भागांसाठी जे नळकांडं वापरतात त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असं धरतात, आणि बहुतेक बटणं त्यात सहज मावतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागेत तर उशीच नको, मग ती कितीही सुंदर विणलेली असो. ती खुर्चीवर शोभेला ठेवा.

बटणं टाळायची तर मागची बाजू पाकिटासारखी दोन पट्ट्यांत विणा. पट्ट्या एकमेकींवर निदान 4 इंच यायला हव्यात, दोन इंच ठेवले की उशी मधून जांभई देते. झिप लावणार असाल तर ती आधी कापडी पट्टीवर शिवा आणि मग ती पट्टी अभ्र्याला. विणीवर थेट शिवलेली झिप लाटांसारखी वळते.

शेवटची घाई

पुढची-मागची बाजू जोडताना कोपऱ्यात तीन सिंगल क्रोशे घाला, नाहीतर कोपरा आत ओढला जातो. ओळींच्या कडेला सिंगल क्रोशेच्या ओळीमागे एक टाका, खांबाच्या ओळीमागे दोन. धाग्याची टोकं 6 इंच ठेवा आणि गाठ मारून कापण्याऐवजी ओवायच्या सुईने तीन वेगवेगळ्या दिशांना आत ओवा. गाठ धुण्यात सुटते.

इस्त्री मात्र लांब ठेवा. बॉबलवर इस्त्री टेकवली की ते कायमचे दबतात आणि अॅक्रिलिक तर वितळून गुळगुळीत, लुळं पडतं. सुती अभ्रा ओला करून, हाताने चौकोनी ओढून, टाचण्या लावून सपाट वाळवा. पुढेही प्रत्येक धुण्यानंतर आडवाच वाळवा. तारेवर टाकला की ओल्या सुताचं वजन त्याला खाली ओढतं आणि 15 इंचांचा चौकोन एका दुपारीत लांबुळका होतो.